तळाच्या ओळीवरचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुनी हातानं लिहिलेली वही आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्या कण्यावर सत्तेचाळीस हा आकडा चिकटवलाय आणि सगळे मला त्याच आकड्यानं ओळखतात. मला ओल लागत नाही, कसर लागत नाही, एरवी राखाडी खोक्यात मी निजलेली असते. तुम्हाला वाटेल, म्हातारीचं बरं चाललंय. काही बरं चाललेलं नाही. माझ्या पोटात जवळजवळ चारशे वर्षांचा राग आहे.

माझा जन्म चिंध्यांतून झाला. कुणाचे फाटके सदरे, कुणाच्या विटक्या चादरी कुजवून, कुटून त्यांचा कागद झाला, मग वासराच्या कातड्यात मला शिवलं. जॉसलिन थॉर्नगेट नावाच्या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यानं मला घेतलं ते लॅटिन व्याख्यानं उतरवायला. तेव्हा कॉलेजात शिकणं, वाद घालणं, देवाला आळवणं, सगळं लॅटिनमध्येच चाले. जॉसलिननं दोन ओळी लिहिल्या आणि हात टेकले. पुढची सहा पानं त्यानं इंग्रजीत नुसती कुरकुर केली. बिअर आंबट आहे, मटणात चरबीच फार, घरून लोकरी मोजे पाठवा. असलं लिखाण अंगावर वागवायला मी जन्मले, याची मला तेव्हाही लाज वाटली.

पुढच्या उन्हाळ्यात प्लेग आला आणि कॉलेजला कुलूप लागलं. गुरुजींनी बजावलं, परत येताना लॅटिन काव्य रचून आण. जॉसलिन मला घेऊन घरी गेला. दलदलीच्या मुलखातलं, वाम मासे धरणाऱ्यांचं गाव ते, आणि त्याचे वडील तिथले पाद्री. त्याची थोरली बहीण डॅमरिस. वडील मुलाला लॅटिन शिकवत तेव्हा ही कोपऱ्यात मोजे रफू करत बसे. मुलाच्या डोक्यात जे शिरलं नाही, ते हिनं आयतं उचललं होतं.

प्लेग त्या गावातही पोचला. एक्केचाळीस माणसं गेली. शेवटचं माणूस पुरल्यावर डॅमरिसनं मला उलटं धरलं आणि मागच्या बाजूनं लिहायला घेतलं, लॅटिनमध्ये, एकेका माणसासाठी दोन दोन ओळी. स्वतःच्या होडीशी भांडणारा लंगडा ऑस्बर्ट. जिच्या हातावर अर्धं गाव जन्मलं ती सुईण सिसली. नाव ठेवायच्या आतच गेलेलं एक बाळ. राजांसाठी आणि बिशपांसाठी राखलेल्या भाषेत तिनं वाम धरणाऱ्यांना आणून बसवलं. माझं सोनं झालं, मित्रांनो. काव्याच्या शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी तिनं बारीक अक्षरात लिहिलं, हे मी, डॅमरिसनं, रचलं.

जॉसलिननं ते पाहिलं आणि विचारलं, "नाव इतकं खाली का?"

"वर लिहिलं तर लोक नाव वाचतील आणि पुढचं वाचायचेच नाहीत," ती म्हणाली. "आधी रडू देत. मग कळू दे कुणी रडवलं ते. तू मात्र गुरुजींना सांगशील ना?"

"सांगतो की. न सांगायला मी काय चोर आहे?"

कॉलेज उघडलं. भोजनगृहात सगळ्यांसमोर त्यानं ते काव्य वाचलं. मोठमोठ्या विद्वानांनी डोळे पुसले. गुरुजी वही बघायला उठून जवळ आले, तेव्हा जॉसलिननं मला उघडून धरलं आणि तळाच्या ओळीवर अंगठा ठेवला. बस, एवढंच केलं त्यानं. ना ओळ खोडली, ना खोटं बोलला. पुढे जो कुणी वही मागेल त्याच्यासमोर तो अंगठा तिथेच असायचा. त्याच्या घामानं ती ओळ पुसट होत गेली. त्या काव्यावर त्याला कॉलेजात जन्मभराची अध्यापकाची जागा मिळाली. डॅमरिसनं दोनदा निरोप धाडला, वही परत पाठव. कॉलेजला हवी आहे, असं यानं कळवलं. तिसरा निरोप आला नाही. ती गेली होती.

मग दोनशे वर्षं मी फळीवर धूळ खाल्ली. एके दिवशी ग्रंथपाल क्रेल यांनी सूची करायला मला काढलं. माणूस पुस्तकांवर जीव टाकणारा. तळाची ओळ लागत नाही म्हणून त्यांनी मायफळाचा अर्क कुंचल्यानं तिच्यावर फिरवला. पुसट शाईवर तेव्हा हाच इलाज करत. ओळ खरंच उठली, काळीभोर. मला वाटलं, आता बाईला न्याय मिळणार. क्रेल यांनी वाचलं आणि ते मदतनिसाकडे वळून हसले.

"बहिणीचा वात्रटपणा बघा. भावाच्या वहीत स्वतःचं नाव घुसडलंय."

"नोंद करू का, साहेब?"

"कशाला? लॅटिन ते त्याचं. पुढे मटण आणि मोजे दिसतायत, ते तिचं. घरातली बाई दुसरं काय लिहिणार?"

सूचीत तसंच छापलं गेलं. संध्याकाळपर्यंत मायफळानं आपला गुण दाखवला. ओळीभोवतीचा कागद तपकिरी झाला, मग काळपट, आणि ओळ त्यात कायमची बुडाली. अंगठ्यातून जे वाचलं होतं ते कुंचल्यानं संपवलं.

परवा हेस्टर क्वेल नावाच्या अभ्यासक बाई आल्या. त्यांनी जॉसलिनची जुनी पत्रं आणली होती. मोज्यांच्या पानांवरचं अक्षर आणि पत्रांतलं अक्षर एकच निघालं. त्यांनी आत्ताचे ग्रंथपाल पास्क यांना विचारलं, "मोजे जॉसलिनचे असतील, तर दुसऱ्या हाताचं लॅटिन कुणाचं?"

पास्क म्हणाले, लेखनिक ठेवला असेल. बाईंनी डागावर पुसट शाई उजळवणारा निळा दिवा धरायला लावला. काही दिसलं नाही. "पुरावा असेल तर आम्ही आनंदानं बदलू," पास्क म्हणाले.

"पुरावा तुमच्याच ग्रंथपालांनी रंगवून टाकलाय."

"त्यांचा हेतू चांगला होता हो."

हे ऐकलं आणि माझा उरलासुरला धीर सुटला. हेतू! जॉसलिनचा तरी वाईट कुठे होता?

आता मला प्रदर्शनात मांडलंय, काचेखाली, काव्याचं शेवटचं पान उघडून. जपायला कुणी कसूर केलेली नाही. मखमली उशी आहे, उजेडही मंद ठेवलाय. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं तुम्हाला शिकवतात. मला इतकं जपलं की माझ्या मालकिणीचं नाव त्यातच मेलं. वही जपण्याआधी ती कुणाची आहे, एवढं तरी नीट विचारत जा. कधी आलात तर माझ्या पानाच्या तळाशी बघा. तो डाग पाहुण्यांना बरा दिसत नाही, म्हणून पास्क यांनी त्याच्यावर एक पांढरं कार्ड ठेवलंय. कार्डावर सुबक अक्षरात छापलंय, कवी जॉसलिन थॉर्नगेट.