सातव्या दारावरचा खडू

रिहामला शिकवलं होतं ते एवढंच: गल्लीत शिरल्यावर उजव्या बाजूची दारं मोजायची, दर सातव्या दारावर खडूने फुली मारायची आणि तिथल्या माणसाला एकोणीस प्रश्न विचारायचे. अवयवदानाबद्दल लोकांना काय वाटतं, हे शहरातल्या संशोधन केंद्राला मोजायचं होतं. पंख्याखाली बसून हे प्रश्न काढणाऱ्यांपैकी एक जण जरी नाईलकाठच्या या खेड्यात तासभर बसला असता, तरी खडूचा खर्च वाचला असता. इथल्या आया पोरांना बागुलबुवाची भीती घालत नाहीत, किडनीचोरांची घालतात. अशा गावात परक्या बाईने वही घेऊन दारांवर फुल्या मारत हिंडायचं, म्हणजे आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा.

सातवं दार मुतवल्ली नावाच्या माणसाचं निघालं. कालव्यावरचे पंप दुरुस्त करणारा, चाळिशीचा, अंगाने आडवा. पहिल्या तीन प्रश्नांना त्याने उंबऱ्यातच उभ्या उभ्या नीट उत्तरं दिली. चौथा प्रश्न होता, घरात कुणी कधी अवयव दिला किंवा घेतला आहे का.

"तुला कुणी पाठवलं?" त्याचा चेहरा एकदम उतरला.

"केंद्राने, दादा."

"आमच्याबद्दल कुणी सांगितलं, ते विचारतोय."

"कुणीच नाही. तुमचं दार सातवं आलं, म्हणून."

"सातवं म्हणे," तो म्हणाला आणि त्याने तिच्या तोंडावर दार लावून घेतलं. रिहामने वहीत 'उत्तर दिलं नाही' असं लिहिलं आणि ती पुढे गेली. तिथेच चुकलं. तिने गावाबाहेरचा रस्ता धरायला हवा होता.

चौदावं दार इन्साफचं होतं, हज करून आल्यापासून सगळे तिला हज्जा म्हणत. गावातल्या बायकांची मढी धुऊन कफनात गुंडाळायचं काम ती चाळीस वर्षं करत होती. गावात तिला मान होता, पण तिच्याकडून बशीभर भात घ्यायलाही कुणी धजत नसे. ती मुलूखियाच्या पालेभाजीची पानं खुडत बसली होती. तिने रिहामला चहा दिला आणि बसायला उशी पुढे सरकवली.

"मेल्यावर अवयव द्यायची तुमची तयारी आहे का, हज्जा?"

"माझे गुडघे कुणाला हवेत का ते विचार तुझ्या केंद्राला. मरेपर्यंत कशाला थांबता, आजच घेऊन जा म्हणावं."

रिहामला हसू आलं. ते ओठांवरच होतं तेवढ्यात बाहेर पावलांचा आवाज झाला. एका माणसाच्या नव्हे, बऱ्याच जणांच्या.

"हज्जा, बाहेर काढ तिला!" एक बाई ओरडली. "घरांवर खुणा करत फिरतेय!"

"आज खुणा, उद्या उचलून नेतील!"

 रिहामने केंद्राच्या साहेबांना फोन लावला, सकाळी त्यांनीच तिला गाडीने इथे सोडलं होतं. ते शेजारच्या गावात होते, पाऊण तास लागेल म्हणाले. पाऊण तासात काय काय होतं ते तिला ठाऊक होतं. उन्हाळ्यात नुसत्या संशयावरून दोन परक्या माणसांची गाडी लोकांनी कालव्यात लोटली होती, माणसं आत असतानाच. तिने वही उशीखाली सरकवली, मग बाहेर काढली, मग पुन्हा सरकवली.

दारावर थाप पडली. पाठोपाठ मुतवल्लीचा आवाज आला. "माझ्या बहिणीचं काय झालं ते विसरलात का रे सगळे?"

"काय झालं होतं त्याच्या बहिणीला?" रिहामने कुजबुजत विचारलं.

"सबरीन. दोन वर्षांपूर्वी कैरोत इस्पितळात तापाने गेली. मढं इथे आणलं. मी धुवत होते, तिची आत्या पाणी घालत होती. कुशीवर टाक्यांचा वण दिसला आणि आत्याने हंबरडा फोडला. तेव्हापासून गाव म्हणतं, इस्पितळाने पोरीची किडनी चोरली."

"चोरली होती?"

इन्साफ उठली. मांडीवरची पानं झटकली, ओढणी नीट केली आणि जाऊन दार सताड उघडलं.  रिहाम दाराच्या आडोशाला भिंतीला चिकटून उभी राहिली. फटीतून गल्ली दिसत होती. तीस-चाळीस माणसं होती, कुणाच्या हातात फावडं, कुणाच्या हातात नुसतीच चप्पल.

"मुतवल्ली, तुझ्या बहिणीला शेवटची आंघोळ कुणी घातली?"

"तू घातलीस, हज्जा. बाजूला हो."

"होते की. चाळीस वर्षांत मढ्यावर काय दिसलं ते मी कुणाला सांगितलं नाही. कुणाच्या पाठीवर नवऱ्याने उठवलेले वळ होते तेही नाही." गर्दीतल्या दोघा-तिघांनी माना खाली घातल्या. "पण तू चोरी म्हणतोस. मग विचार मला सगळ्यांसमोर, तो वण लाल होता की पांढरा. ताजा होता की जुना. विचार, बाबा. तू विचारलंस तर मी सांगेन."

 सगळे मुतवल्लीच्या तोंडाकडे बघू लागले. रिहामही बघत होती. त्याचा उजवा हात आपोआप ओटीपोटाच्या उजव्या बाजूवर गेला होता. दुसऱ्याची किडनी तिथे, पुढच्या बाजूला बसवतात. केंद्रातल्या प्रशिक्षणात तिने त्याचं चित्र पाहिलं होतं.

"जाऊ द्या तिला," मुतवल्ली म्हणाला.  "मी पोचवतो सडकेपर्यंत."

"तू?" फावडंवाला म्हणाला.

"म्हटलं ना मी पोचवतो."

इन्साफने उशीखालची वही काढून रिहामच्या हातात दिली. "जा पोरी. मागे बघू नकोस."

त्या माणसाबरोबर एकटीने चालताना रिहामला गर्दीपेक्षा जास्त भीती वाटत होती. त्याचं गुपित आता तिला कळलं होतं आणि वाटेवर चिटपाखरू नव्हतं. दोघं त्याच्या घरावरून गेले. दारावरची फुली त्याने इतकी घासून काढली होती की जुन्या रंगाचे पोपडे निघून तिथे हातभर पांढरा डाग पडला होता, लांबूनही दिसेल असा. सडकेलगतच्या कालव्यापाशी तो थांबला.

"माझं काय लिहिलंस?"

"उत्तर दिलं नाही, असं."

"'नाही' लिही. आमच्यात कुणी दिली नाही, कुणी घेतली नाही."

तिने लिहिलं. त्याने वाकून वाचून बघितलं.

"पुढचा प्रश्न काय होता?"

रिहामने वाचून दाखवला. "देह जसा मिळाला तसाच परत केला पाहिजे. सहमत, असहमत, की माहीत नाही?"



"तिनेच दिली. मी मागितली नव्हती," तो म्हणाला. "आईलासुद्धा कळू दिलं नाही. पण मी नको म्हणालो नाही. एकदाही नाही. ती गेली आणि आत्या ओरडली तेव्हा मला बरं वाटलं, लोकांना चोर सापडला म्हणून." त्याने तिच्याकडे बघितलं. "कयामतीच्या दिवशी तिला कबरीतून उठवतील, बाई. विचारतील, एक कुठे आहे. ती माझ्याकडे बोट दाखवेल का?"

रिहामने वहीत प्रश्नाखालच्या चौकटींकडे बघितलं.

"चौकटी किती आहेत?"

"तीन."

"भीती वाटते, अशी चौकट नाही?"

"नाही."

"मग तुम्ही मोजता काय?"

मायक्रोबस आली. त्याने हात करून ती थांबवली आणि तिला पुढे, बायकांशेजारी बसवायला ड्रायव्हरला सांगितलं. पाचव्या प्रश्नाच्या तिन्ही चौकटी कोऱ्या राहिल्या. हज्जाने सांगितलं होतं तरी रिहामने मागे वळून बघितलं. तो तिथेच उभा होता, ओटीपोटावर हात दाबून, बाजारात खिसा कापला जाईल या भीतीने माणूस खिशावर हात ठेवतो तसा.