बासरी वाजली की

रेडिओवरच्या थेट कार्यक्रमात श्रोत्यांचे फोन येतात आणि त्यातलं नको ते मी कापतो. बोलणं लोकांपर्यंत काही सेकंद उशिरा पोहोचतं. तेवढ्यात मी लाल बटण दाबलं, की ते बोलणं कायमचं पुसलं जातं आणि त्या जागी बासरी वाजते. साहेब याला शिस्त म्हणतात. बायको म्हणते, "लोकांची तोंडं दाबायचा पगार घेता तुम्ही." मी आपला स्वतःला गाळणी समजत आलो. चहा गाळला म्हणून कुणी गाळणीवर चिडतं का?

त्या दुपारी धरणाचे इंजिनिअर पाहुणे होते. एका श्रोत्याने सुरुवात केली, "धरणाच्या भिंतीला..." इंजिनिअर मध्येच म्हणाले, "थोडक्यात विचारा." बराच वेळ फोन धरून बसलेला तो गडी भडकला आणि त्याने इंजिनिअरांच्या मातोश्रींचा असा उद्धार केला, की त्यांचे कान लाल झाले. मी बटण दाबलं. यात माझं काय चुकलं? ती शिवी कुणीही कापली असती.

बासरी संपायच्या आत रस्त्यावर गलका उठला. खिडकीतून पाहिलं तर समोरचा शिंपी मशीन तशीच सोडून पळत होता, एक बाई गादी फरफटत नेत होती. मला काही उमजेना. तेवढ्यात फाटकावरचा पहारेकरी धापा टाकत आत आला.

"धरण फुटतंय ना? बासरी वाजली!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? बासरी वाजली की समजायचं, माणूस खरं बोलला. अख्खं गाव तसंच ऐकतं."

इतकी वर्षं मी कापत होतो आणि लोक नेमकं तेवढंच ऐकत होते!

गलका ऐकून साहेबही आत आले. "साहेब, शिवी होती म्हणून सांगून टाकू या," मी म्हणालो.

"वेड लागलंय का? लोक शिव्या देतात हे आपणच लोकांना कळवायचं?" साहेबांनी स्वतः माइक ओढून जाहीर केलं, "धरण पूर्णपणे सुरक्षित आहे." झालं! उरलेसुरलेही घराबाहेर पडले.

घरी तिसऱ्या मजल्यावर आई होती. खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, हलवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी फोन लावला.

"आईंना खुर्चीत बसवतेय," बायको म्हणाली. "शेजारचे दोघं आलेत उचलायला."

"अगं, हलवू नकोस! धरणाला काही झालेलं नाही. त्याने शिवी दिली होती."

"पूल पडायच्या आधीही बासरी वाजली होती. तेव्हाही तुम्ही शिवीच म्हणाला होतात."

तेव्हा साहेबांनी मला तसं सांगायला लावलं होतं. मग मी ती शिवी जशीच्या तशी, इंजिनिअरांच्या देखत, फोनवर ओरडून म्हटली. दोनदा. बायको पलीकडे शेजाऱ्यांना खुर्ची कशी धरायची ते सांगत होती.

"आईला दे फोन!"

सगळं जग मला खोटारडा म्हणालं असतं तरी आईने मानलं नसतं. "आई, तुझी शपथ, खरं सांगतोय," मी म्हणालो. "जागची हलू नकोस."

"हो रे बाळा," ती मायेने म्हणाली. "तुला तिथून खरं बोलता येत नाही, माहीत आहे मला. तू नोकरी सांभाळ. आम्ही निघतो."

मग कुणीतरी "उचला" म्हणालं, आणि आई किंचाळली.