न मानवलेला नीलम

"याच्याहून मोठा नाही का?" इंद्रजीतने विचारले आणि उजव्या हाताचे मधले बोट पुन्हा दिव्याखाली धरले.

सराफ्यातल्या त्या दुकानात पुरुषांच्या अंगठ्यांचे काउंटर करुणा नावाची विक्रेती सांभाळत होती. "दादा, तुमची बोटं बारीक आहेत. हा लहान घ्या. आतून स्वच्छ आहे, आणि बैठी घडण शोभेल तुम्हाला."

"लोकांना दिसला तर पायजे," इंद्रजीतचे वडील सर्जेराव म्हणाले.

इंद्रजीतने स्वतःच मोठा, गडद निळा खडा उचलला. करुणाने स्पष्ट बजावले, "याच्या चिरांत काच भरलेली आहे, म्हणून एवढा मोठा असून त्या लहान्याच्याच भावात बसतो. लिंबू, चिंच, आंबट काही लागू देऊ नका. काच खाल्ली जाते. कोमट पाण्यानं धुवायचा, मऊ कापडानं पुसायचा, वेगळ्या डबीत ठेवायचा."

हे ऐकले फक्त दोघांनी: होणाऱ्या जावयाला अंगठी देणाऱ्या सांडूने आणि त्याच्या मुलीने, प्रेरणाने. नवरदेव आपल्या बोटाचे फोटो काढण्यात गुंतला होता, आणि त्याचे वडील फोनवर घरच्या ज्योतिषी महाराजांना खड्याचा रंग सांगत होते. रत्नपरीक्षेवर लिहिणाऱ्या जुन्या पंडितांनी खड्यांचे दोष बारकाईने नोंदवले आहेत. खडा घालणाऱ्याचे दोष नोंदवण्याच्या फंदात मात्र ते शहाणे लोक पडले नाहीत.

नीलम शनीचा. मानवला तर राज्य, नाही तर राख. म्हणून तो आधी तीन रात्री उशाखाली ठेवून स्वप्ने कशी पडतात ते पाहतात. सर्जेरावांच्या घराने या रीतीला आपली पुरवणी जोडली होती: जावयाच्या अंगठीतला नीलम मानवला, तरच साखरपुडा. एका शिकलेल्या मुलीचे आयुष्य अशा प्रकारे इंद्रजीत नावाच्या एका इंजिनिअरला कशी स्वप्ने पडतात यावर सोपवण्यात आले, आणि त्यात कुणालाही काही चमत्कारिक वाटले नाही.

सांडू पाणीपुरवठ्यात लाइनमन होता. व्हॉल्व्ह फिरवणे आणि गल्लोगल्लीच्या शिव्या ऐकणे, असे त्याच्या नोकरीचे दोन भाग होते. उलट उत्तर त्याने आयुष्यात कुणाला दिले नव्हते. बायको गेल्यावर प्रेरणाला त्याने एकट्याने वाढवले. ती आता रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. हे स्थळ त्याच्या थोरल्या बहिणीने, गंगापूरच्या कडूबाईने आणले होते.

दुकानाच्या पायऱ्या उतरताना इंद्रजीतने प्रेरणाला दिवसभरातला एकमेव प्रश्न विचारला. "लॅब कधी सोडतेस?"

बापाचा थकलेला चेहरा पाहून ती म्हणाली, "बघू." तिने नकार दिला नाही, म्हणून बापाने तो होकार मानला. दोघेही एकमेकांसाठी आनंदी दिसत राहिले. आपल्या घरांतून या प्रकाराला समजूतदारपणा म्हणण्याची पद्धत आहे.

अंगठी घडून आली, एक रात्र सांडूच्या देव्हाऱ्यात राहिली आणि निळीशार व्याह्यांकडे गेली. रविवारी दुपारी ठरल्याप्रमाणे सर्जेराव मुलाला घेऊन दारात उभे राहिले. बसण्याआधीच त्यांनी डबी उघडून टेबलावर ठेवली. खडा पांढुरका पडला होता. देवीच्या व्रणांनी भरलेला चेहरा दिसावा तसा.

"बघा, पाव्हणं! म्हाराजांनी शुद्धीसाठी रातभर लिंबाच्या रसात ठिवायला सांगितलं. सकाळी बघतो तर ह्यो असा! पोरीनं अजून उंबरा ओलांडला नाय, तर खड्यानं रंग टाकला. काय म्हणावं असल्या पायगुणाला?"

सांडूला करुणाचे शब्द आठवले. उत्तर जिभेवर आले. पाण्याचे तांब्याभांडे घेऊन आलेली प्रेरणा डबीकडे पाहत होती. तिला कारण कळले होते, हे उघड होते. रोज रसायने हाताळणारी ती पोर एका वाक्यात आपल्यावरचा ठपका पुसू शकली असती. ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली. सांडूने त्या मिटलेल्या ओठांकडे पाहिले, आणि "बघू" या शब्दाचा अर्थ त्याला प्रथमच समजला.

"तरी आमी माणुसकी सोडणार नाय," सर्जेराव उदार झाले. "लई अस्सल खडा करा. पुन्हा तीन रात्री बघू."

"नको," सांडू म्हणाला. "पोर तर तुमच्या घरी अजून आलीच नाय, पाव्हणं. खडा आला होता. माझ्या देव्हाऱ्यातून निघाला तवा निळा होता. तुमच्या घरात राहिला न् पांढरा पडला. शनिदेवानं कुणाचं घर बघितलं, ते म्हाराजांनाच इचारा."

सर्जेरावांचा चेहरा उतरला. महाराजांच्या शास्त्रातच या तर्काला जागा होती, हीच खरी अडचण होती.

"म्हंजी सोयरीक नको म्हणता?"

"मी कोण नको म्हणणार? वरूनच नको म्हणतायत."

इंद्रजीतने सवयीने डबीकडे हात नेला. वडिलांनी त्यावर फटका मारला. "हात लावू नको, गाढवा! घरात आजून काय आणायचं राहिलंय?"

ते गेल्यावर प्रेरणाने दाराला कडी लावली. "पप्पा, लिंबानं काच गेली. तुम्हाला कळलं होतं ना?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर दुसरा खडा घेऊन परत आले असते. तुला तर माझ्या आधी कळलं. तू का नाय बोललीस?"

"तुम्ही पुन्हा सगळं जुळवून घ्याल, या भीतीनं."

आधी ती हसली, मग तो. हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि ती आतल्या खोलीत जाऊन दिवाणावर आडवी झाली.

सांडूने बहिणीला फोन लावला. सोयरीक मोडली हे सांगताना आवाज पडेल ठेवण्याचा त्याने प्रामाणिक प्रयत्न केला. तो फारसा साधला नाही. कडूबाईने मात्र हंबरडा फोडला.

"आता पोरीला कोण करल रे? रडत असंल ना माझी बाय?"

त्याने दाराआडून डोकावले. पाहुण्यांसाठी नेसलेल्या साडीतच, एका पायात घरातली चप्पल तशीच ठेवून, तोंड किंचित उघडे टाकून प्रेरणा गाढ झोपली होती.

"नाय गं, अक्का," तो हळूच म्हणाला. "झोपली."

पलीकडचे रडणे वाढले. त्या आवाजाने लेकीला जाग येऊ नये म्हणून फोन कानाशी घट्ट दाबून तो अंगणात उन्हात जाऊन उभा राहिला.