बादलीतलं तण

बादलीत तण आहे. निदान उपटताना तरी ते तण होतं.

नाही, आधीपासून सांगतो. दवाखान्यामागची पडीक जागा आम्ही सात जणांनी रानफुलांसाठी मागून घेतली. बी वाळूत मिसळून फेकायचं, म्हणजे कुठे पडलं ते दिसतं. वर माती लोटायची नाही. ओळीने चालत पायांनी दाबायचं.

त्याच वर्षी दादा गेला. फिरता फिरता त्याने वेचलेलं बी एका काडेपेटीत राहिलं होतं. वहिनीने ते कोपऱ्यात फेकलं आणि आम्ही सगळे त्यावरून चाललो. वहिनी दोनदा.

मग तिने भोवती आइस्क्रीमच्या चार काड्या रोवल्या.

आज खुरपं माझ्या हातात. मी शिंपी. धाग्याचा रंग नजरेने जुळवतो. पण दोन पानांची रोपं सगळी एकसारखी.

"ह्या कोपऱ्यात काड्यांच्या आतलं सोड, बाकी काढ," पोस्टमनकाका म्हणाले. निवृत्त झालेत, पण हुकूम अजून घरपोच देतात.

काढलं. बादली भरली.

वहिनी आली. "भाऊजी, काड्या इथे कशा?"

"कशा म्हणजे?"

"मी भिंतीला लागून रोवल्या होत्या."

काकांनी कान खाजवला. "वाकड्या दिसत होत्या. जरा रेषेत घेतल्या."

"जरा म्हणजे किती?"

काकांनी वीतभर दाखवलं. मग दोन वीत. मग हात खाली घेतला.

म्हणजे दादाचं सगळं बादलीत? की अर्धं बादलीत, अर्धं जमिनीत? की काड्यांच्या आत आम्ही जपतोय ते नुसतं गवत? की काडेपेटीतलं काही उगवलंच नाही?

वहिनी बादलीपुढे बसली. एक रोप उचलून हुंगलं. मला दिलं. मीही हुंगलं. मातीचा वास.

"ह्यांचं कुठलं?"

"वहिनी, मला खरंच..."

"पाणी आणा."

"सगळी परत लावायची?"

"सगळी."

"आणि तण निघालं तर?"

"निघू दे. ह्यांनी तरी कुठे बघून वेचलं होतं?"

काका गुडघे धरत खाली बसले आणि बोटाने खड्डे करू लागले. वेडेवाकडे.

मी झारी भरून आणली तोवर काड्या बादलीत पडल्या होत्या, आणि पाणी कुठून घालायला सुरुवात करावी ते मला कळेना.