कवटीच्या तळाशी

हुपरीच्या बसम्माला वाटलं, मोबाईलच बिघडलाय. डाव्या कानाला लावला की लेकीचा आवाजच येत नव्हता. मग चालताना तोल जाऊ लागला. एक दिवस ती न्हाणीत पडली, तशी सून विद्याश्रीनं तिला एसटीत घातलं नि कोल्हापुरात कानाच्या डॉक्टरांकडं आणलं.

कान तपासला, मग एमआरआय झाला. यंत्राच्या नळीत घणाचे घाव बसावेत तसा आवाज, आणि बसम्मा डोळे गच्च मिटून पडलेली.

दुसऱ्या दिवशी, कानाच्या डॉक्टरांनी ज्यांच्याकडं धाडलं त्या मेंदूच्या सर्जन संयोगिता मॅडमनी फिल्म उजेडावर धरली.

“मावशी, कानातून मेंदूकडं जाणाऱ्या नसेवर गाठ आहे. कवटीच्या तळाशी, आवळ्याएवढी.”

“कॅन्सर हाय?”

“नाही. पण वाढली तर मेंदू दाबेल, काढावीच लागेल. हा कान काही परत मिळायचा नाही. आणि चेहरा हलवणारी नस गाठीला चिकटलीय. तिला जपायचा प्रयत्न करू.”

“आणि न्हाय जपली तर?”

“तोंड वाकडं होईल. डोळा मिटणार नाही.”

 मरणाला बसम्मा एवढी भ्याली नसती. पण आपलं तोंड बघून नात किंचाळली तर?

“नगं ऑपरेशन. हाय तशी ऱ्हातो मी.”

“आत्ती, परवा न्हाणीत पडलासा. उद्या शेगडीवर पडशीला की!” विद्याश्रीनं सासूला दटावलं.

शेवटी तिनं सही केली.

ऑपरेशन आठ तास चाललं. शुद्ध आली तेव्हा पलंग गरगरत होता. बसम्मानं चेहरा तसूभर हलवला नाही. हलवायला गेलो आणि हललाच नाही तर?

“मावशी, डोळे मिटा,” मॅडम म्हणाल्या.

ती नुसती बघत राहिली. विद्याश्रीनं तिचा हात धरला. “मिटा की, आत्ती.”

तिनं मिटले. उजवा मिटला, डावा अर्ध्यावरच थांबला.

“वाकडं झालंय?” तिनं सुनेला विचारलं.

विद्याश्रीला खोटं बोलवेना. “व्हय. थोडं.”

“नस शाबूत आहे,” मॅडम म्हणाल्या. “सुधारेल, पण महिने लागतील.”

घरी रोज सकाळी आरशापुढं जाण्याआधी बसम्मा गाल चाचपायची. चौथ्या महिन्यात पापणी पुरती मिटली, तेव्हा ती आरशासमोरच मटकन बसून रडली. कान गेला तो गेलाच. गाठ पुन्हा वाढली नाही ना, हे बघायला वर्षानं परत एमआरआय आहे. त्या तारखेचा विषय कुणी काढला, की अजून तिचा हात गालाकडं जातो.