पडद्यामागे राहिलेला नवरा

आमच्या आरोंद्याच्या दशावतारी मंडळात मी पेटी वाजवायचो. गुरुदास मास्तर शाळेत शिकवत, पण जीव सगळा नाटकात. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात आलं, राजे-राक्षस पुरे झाले, आता गावातल्या माणसांच्याच गोष्टी खेळायच्या. मी म्हटलं, "मास्तरानू, लोकांच्या घरातला घरात ऱ्हवांदे." पण माझं ऐकतो कोण! ओट्याओट्यावर बसून त्यांनी गोष्टी गोळा केल्या. कुणाची म्हैस हरवलेली, कुणाचं लग्न मोडलेलं. शेवटी शेवंतीच्या दारात आले.

शेवंतीचा नवरा गंगाराम फिरंग्यांच्या गोव्यात खाणीवर कामाला गेला आणि मागून सरकारने गोव्याची हद्द बंद केली. तेव्हापासून ना पत्र, ना निरोप. गावाने देवीच्या अंगाला फुलाची पाकळी चिकटवून कौल लावला; उजवी पडली तर जिवंत, डावी पडली तर गेला. पण पाकळी ना उजवीकडे पडली, ना डावीकडे. चिकटूनच राहिली. सासू म्हणे, गेला. शेवंती म्हणे, आसा. त्या चिकटलेल्या पाकळीच्या जिवावर तिचं कुंकू टिकून होतं.

गोष्ट द्यायला ती तयार झाली, पण एका अटीवर. "माज्या गोष्टीत घोव परत येवक होयो," म्हणाली. नवऱ्याला परत आणीन, अशी मास्तरांनी देवीची शपथ घेतली.

आमच्या खेळात संवाद लिहिलेले नसतात. कथा तेवढी ठरते, बोलणं ज्याच्या त्याच्या तोंडी येईल ते. शेवंतीचं काम धोंडूकडे होतं. तो लुगडं नेसून उभा राहिला की बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे, आणि पदर दिसले की धोंडू सुटायचा. कुठल्याही खेळात राणीची काकणं फोडल्याशिवाय मेल्याला चैन पडत नसे. मास्तरांनी त्याला परोपरीने बजावलं होतं.

दिवेलागणीला देवळासमोर खेळ उभा राहिला. धोंडू खेळातल्या खाडीकाठी उभा राहून हाका मारू लागला, "खंय आसास रे?" बायका मुसमुसू लागल्या. पुढे बसलेली शेवंती मात्र पडद्याकडे बघत होती, आता येईल म्हणून. एवढ्यात धोंडूचे हात वर गेले. तो भानावर यावा म्हणून मी पेटी थांबवली. झालं उलटंच. त्या शांततेत काकणं फुटल्याचा आवाज सगळ्या गावाने ऐकला.

गंगारामाचं काम करणारा शंकर बोचकं काखेत घेऊन पडद्यामागे तसाच उभा राहिला.

देवळाचे मानकरी उठले, गाभाऱ्याकडे हात जोडून म्हणाले, "देवीन सांगल्यान. पाकळी पडली." शेवंतीच्या सासूने हंबरडा फोडला. मास्तर ओरडत होते, "अहो, नाटक आहे हे! चूक झाली!" धोंडू रडत म्हणाला, "माका कायेक कळला नाय. हात आपसूक वयर गेले." ते ऐकून तर लोकांची खात्रीच पटली. बायकांनी शेवंतीला धरून घरी नेलं.

सकाळी ती माझ्या दारात आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. "भावोजी, पुन्हा खेळ लावा. शंकराक भायर येवक सांगा."

मी मास्तरांना घेऊन मानकऱ्यांकडे गेलो. हातापाया पडलो. ते म्हणाले, पडलेला कौल पुन्हा लावत नाहीत.

परत येऊन तिला तेच सांगितलं. दुसरं काय सांगणार होतो? ती पायरीवर बसली, उघडं मनगट चोळत राहिली. मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "मगे तो इलो तर तेका काय सांगू? देवीन तुका मारल्यान म्हणान?"