वानवळ्याची पाटी

वलवणच्या अंबूबाईंनी उभ्या जन्मात काही विकलं नव्हतं. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं.

आठवड्यातून दोनदा डोक्यावर पाटी घेऊन त्या लोणावळ्याच्या बंगल्यांवर जात. पाटीत लोणी, अंडी, दिवस असतील तेव्हा करवंदं. पण तो सगळा वानवळा असायचा. घरात-रानात पिकलं त्यातलं चार ओळखीच्या घरी द्यायचं, तो वानवळा. आणि वानवळ्याची पाटी कुणी रिकामी परत करत नाही, ही रीतच आहे. अंबूबाईंचे यजमान मारुतराव गावातल्या मोठ्या घरातले. त्या घरच्या बाईनं बाजारात बसायचं नसतं. म्हणून बंगल्यातली बाई फडकं उचलून लोणी काढून घेई, फडक्याखाली पैसे ठेवी, आणि अंबूबाई तिकडे न बघता पाटी उचलत. दराचा शब्द कुणी काढत नसे. एखादीनं कमी ठेवले तर पुढच्या खेपेला वानवळा कमी व्हायचा, इतकंच. असं वीस वर्षं चाललं होतं.

त्यांचा बजरंग पुण्याला बोर्डिंगात राहून कॉलेजचं पहिलं वर्ष पास झाला, ते साल चव्वेचाळीसचं. पुण्यात कॉमर्सचं कॉलेज नुकतंच निघालं होतं. तिथं त्यानं अर्ज केला आणि जागा मिळाल्याचं पत्र आलं. सोमवारपर्यंत नाव घालायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. आधीच्या कॉलेजात बी.ए.ची वाट मोकळी होतीच.

"कामर्स म्हंजी काय रं?" मारुतरावांनी विचारलं.

"व्यापाराचं शिक्षण, आबा. बँका कशा चालत्यात, मालाचा दर कसा ठरतो, ते समदं."

मारुतरावांनी बैलाच्या पाठीवरनं हात फिरवला. "तुज्या आयला इचार," ते म्हणाले. घरातले सगळे निर्णय तेच घेत, आणि ते याच वाक्यात घेत.

"न्हाई," अंबूबाई चुलीपासनंच म्हणाल्या. "तराजूच धरायचा व्हता तर पुण्याला कशापायी धाडला? वाण्याकडं पुड्या बांधाया बसवला असता."

"मग आये, तू आठवड्यातनं दोनदा काय करतीस?"

"म्या वानवळा देती."

"वीस वर्सं?"

"लय वळखी हायेत माज्या."

बजरंगला हसू आलं, पण अंबूबाईंना आलं नाही. बंगल्यांची मागची दारं त्यांना पाठ होती. किती वेळ उभं राहायचं, कुत्रं कुठं बांधलेलं असतं, आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही, हेही. मास्तर आला, वकील आला, की त्याला पुढल्या दारानं घेतात, खुर्ची देतात. माल घेऊन आलेला मागं जातो. पोरानं मागच्या दाराला जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते त्याला सांगायची त्यांना लाज वाटत होती.

"माधवराव मास्तरांना इचारू," त्या म्हणाल्या. "त्ये म्हनतील तसं."

लोणावळ्याच्या शाळेत माधवरावांनीच बजरंगला शिकवलं होतं. त्यांचा शब्द पोरगा मोडणार नाही आणि मास्तर माणूस बी.ए.च सांगणार, हे अंबूबाईंनी आधीच धरून ठेवलं होतं. सकाळी ताजं लोणी काढून त्यांनी पळसाच्या पानात बांधलं, नवं फडकं घातलं आणि दोघं निघाली.

माधवरावांनी बजरंगला खुर्ची दिली. अंबूबाई आपण होऊन सतरंजीवर बसल्या. मास्तरांच्या पत्नी सुनेत्राबाई पाटी आत घेऊन गेल्या.

"माझं विचाराल तर बी.ए. कर," माधवराव म्हणाले. "बी.ए.ला मान आहे. पुढं शिक्षक हो, वकील हो. कॉमर्सवाल्याचं काय होतं ते अजून आपण पाहिलेलं नाही."

बजरंग मान खाली घालून "बरं" म्हणाला. अंबूबाई जिंकल्या होत्या. सुनेत्राबाईंनी पाटी आणून ठेवली, त्यांनी सवयीनं उचलली, आणि आत काहीतरी खळखळलं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्याच्या घरात फडकं उचलून पाहिलं.

"वैनी, ह्ये काय?"

"लोण्याचे. कमी झाले का?" सुनेत्राबाई गडबडल्या. "शेजारच्या म्हणाल्या, तुम्ही दर सांगत नाही, अंदाजानं ठेवायचे असतात."

"आवं, ह्यो वानवळा हाय!"

"हो, तुम्ही तसंच म्हणता ना त्याला."

बाईच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच अंबूबाईंना लागलं. विकलेलं लोणी आणि जिवाभावानं आणलेलं लोणी, दोन्ही एकाच फडक्याखाली एकाच नावानं आलेलं. बघणाऱ्याला कसं कळावं? ज्या माणसानं पोराला घडवलं, त्याच्या घरात आज त्या माल घालून बसल्या होत्या. बजरंग हसला असता तरी चाललं असतं. तो हसत नव्हता.

त्यांनी पैसे काढून सुनेत्राबाईंच्या हातात ठेवले.

"इकायचं लोनी दोन रुपय शेर," त्या म्हणाल्या. आवाज जरा चढलाच. "पायजेल तर बुदवारी आनीन. ह्ये इकायचं न्हाई. ह्ये माज्या पोराच्या मास्तरांस्नी."

आभाळ काही कोसळलं नाही. सुनेत्राबाई म्हणाल्या, "मग बुधवारी अर्धा शेर आणा. आणि इकडनंच या, मागं निसरडं झालंय."

अंबूबाईंनी पुढच्या दाराकडं एकदा नीट पाहून घेतलं.

"तर बी.ए.चं असं आहे—" माधवरावांनी पुन्हा सुरुवात केली.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. कामर्सलाच जाऊ द्या त्याला."

"आये!" बजरंग उभाच राहिला.

"घरात कुनाला तरी दराचं बोलाया आलं पायजेल," त्या म्हणाल्या. "न्हाईतर दिल्यालंबी इकल्यालंच दिसतंया."

माधवरावांनी चष्मा काढला. "मग मला विचारायला कशाला आलात?"

"कुटं? वानवळा द्याया आलतो."

त्या संध्याकाळी मारुतरावांनी देवळापुढं चारचौघांत सांगून टाकलं, की बजरंगला कॉमर्सला घालायचं त्यांनी पूर्वीच ठरवलं होतं.

सोमवारी बजरंग पुण्याच्या गाडीला निघाला. अंबूबाईंनी बोर्डिंगाच्या स्वयंपाकीणबाईंसाठी लोण्याचं गाडगं त्याच्या हातात दिलं.

"वानवळा हाय म्हनून आदी सांग. मंग हातात दे."

"आनि त्यांनी पैसं काढलंच तर?"

"तर दर ठावा हाय की तुला," त्या म्हणाल्या आणि गाडग्याचं फडकं सोडून पुन्हा घट्ट बांधू लागल्या.